विश्लेषण : नाव एका बाजूला का ओढते? मोटर तिरकी बसलीय का, असं ओळखा

मूल परिसरातल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, वल्ह्यानं किंवा बांबूनं काम भागतं. वैनगंगेच्या रुंद पात्रात मासेमारीच्या नावेला आऊटबोर्ड मोटर लावली, की हा प्रश्न येतो. नाव सरळ जात नाही, हँडल सैल सोडलं की एकीकडे वळते. नदी भरलेली असेल तर ही ओढ जिवावर बेतू शकते.

लगेच पाना घेऊ नका. जाळी आणि माणसं मधोमध बसवून संथ पाण्यात पुन्हा चालवा.

तरीही ओढतेय? नाव काठावर घ्या. पुढच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरा. मापं सारखी आली तर मोटरची जागा फळीच्या बरोबर मध्यावर. क्लॅम्प हादऱ्यानं सैल होतात, मोटर हळूहळू सरकते.

आता उंची. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा २५ मिलिमीटरपर्यंत खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो. इंजिन नुसतं ओरडतं.

सगळं जुळूनही थोडी ओढ राहते, ती पंख्याच्या फिरण्यामुळे. त्यासाठी बऱ्याच मोटरींना पट्टीखाली छोटा ट्रिम टॅब असतो. नाव डावीकडे जात असेल तर टॅबचं मागचं टोकही डावीकडेच वळवायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्याचा दाब मोटरला विरुद्ध बाजूला ढकलतो.

ओढीसोबत थरथरही असेल तर पंखा खडकाला लागलेला असू शकतो. ते मेकॅनिककडेच. आणि चाचणी घेताना इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी.