विश्लेषण : ‘हवामानतज्ज्ञ’ नेमके कुणाला म्हणायचे? विमानतळावर पात्रतेची सक्ती, मग मैदानावर का नाही?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. पनवेल तालुक्यातील या विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला वारा, दृश्यमानता, ढगांची उंची यांचा अंदाज कुणी द्यायचा, त्याचे शिक्षण किती हवे, हे आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरलेले आहे. मात्र त्याच तालुक्यात एखाद्या मोठ्या सभेच्या आयोजकाला किंवा आंबा बागायतदाराला हवामानाचा सल्ला देण्यासाठी कसलीही पात्रता सिद्ध करावी लागत नाही. समाजमाध्यमावर एक खाते उघडले, चार उपग्रह छायाचित्रे टाकली की ‘हवामानतज्ज्ञ’ म्हणवून घेता येते.

विमानतळासाठी नियम काय आहेत?

जागतिक हवामान संघटनेने विमानसेवेसाठी अंदाज देणाऱ्यांची कार्यक्षमता तपासणे १ डिसेंबर २०१३ पासून बंधनकारक केले. पुढे १ डिसेंबर २०१६ पासून शैक्षणिक पात्रतेची अटही लागू झाली. हवामानशास्त्राचा ठरावीक पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा, अशी ही अट आहे. म्हणजे पदवी एकीकडे आणि प्रत्यक्ष काम जमते की नाही याची तपासणी दुसरीकडे. या तपासणीत पाच गोष्टी पाहिल्या जातात : हवामानावर सतत लक्ष ठेवणे, अंदाज तयार करणे, धोक्याचा इशारा देणे, माहितीचा दर्जा राखणे आणि ती माहिती वापरणाऱ्यापर्यंत नीट पोहोचवणे.

यातला पाचवा मुद्दा सहज नजरेआड होतो. अंदाज बरोबर असूनही तो समोरच्याला समजला नाही, तर त्याचा उपयोग नाही. शिवाय ही कार्यक्षमता संबंधित परिसराच्या संदर्भात सिद्ध करावी लागते. नवी मुंबई विमानतळाच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगररांगा आहेत. दिल्लीच्या धुक्यात मुरलेल्या अंदाजकर्त्यालाही इथला पावसाळी वारा आणि अचानक दाटणारे ढग समजून घ्यावे लागतात.

मैदानावर काय झाले?

पनवेल तालुक्यातीलच खारघरमध्ये १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळा झाला. लाखोंचा समुदाय उघड्या मैदानावर तासन् तास उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. विदर्भातील वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल.

तज्ज्ञाची गरज नेमकी इथे लागते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. या निकषात हवेतील आर्द्रता मोजली जात नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. त्यात सावली नाही, गर्दीमुळे वारा नाही, पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि बसलेल्यांत ज्येष्ठ मंडळी अनेक. जिल्ह्यासाठी दिलेला अंदाज आणि त्या मैदानावरील माणसाला असलेला धोका यांतले अंतर कुणीतरी मोजायला हवे असते. मोठ्या कार्यक्रमात विजेच्या जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदार लागतो. हवामानाच्या सल्ल्यासाठी असा परवानाच अस्तित्वात नाही. या दुर्घटनेनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय जाहीर केला. घड्याळाचा नियम सोपा असतो, पण पावसाळ्यातल्या विजांना आणि वादळी वाऱ्याला घड्याळ नसते.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

अमेरिकेत अंदाज वर्तवण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. पण तिथल्या हवामानशास्त्र सोसायटीने १९५७ मध्ये सल्लागार हवामानतज्ज्ञांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र सुरू केले. त्यासाठी अनुभव, लेखी परीक्षा, स्वतः केलेल्या कामाचा अहवाल आणि तोंडी परीक्षा अशी चाळणी असते. पुढेही ज्ञान अद्ययावत ठेवत असल्याचे दाखवावे लागते. दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्यांसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे. ब्रिटनमध्ये रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी ‘चार्टर्ड’ दर्जा देते. अशा दर्जासोबत आचारसंहिता येते. चुकीचा दावा करणाऱ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची, हे ग्राहकाला ठाऊक असते.

भारतात कोण प्रमाणित करते?

१८७५ मध्ये स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतः घडवतो. पुण्यातील पाषाण येथील त्याच्या प्रशिक्षण संस्थेला जागतिक हवामान संघटनेची प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता आहे. विभागाबाहेर मात्र पोकळी आहे. डॉक्टरांसाठी वैद्यकीय परिषद, वकिलांसाठी बार कौन्सिल आणि सनदी लेखापालांसाठी त्यांची संस्था आहे, तशी हवामानतज्ज्ञांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. भारतीय हवामानशास्त्र सोसायटी १९५६ पासून आहे, पण तिचे स्वरूप शास्त्रज्ञांच्या व्यासपीठाचे आहे.

खासगी कंपन्या या क्षेत्रात येऊन दोन दशके उलटली. राज्यात महावेध प्रकल्पाअंतर्गत महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. कोकणातल्या आंबा बागायतदाराची हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई केंद्राच्या नोंदींवर ठरते. केंद्र झाडाखाली आहे की मोकळ्या जागेत, पर्जन्यमापकात पाला अडकला आहे का, यावर हजारो रुपये अवलंबून असतात. वाद झाल्यास त्या नोंदी ग्राह्य आहेत की नाहीत हे सांगणारा, कंपनी आणि शेतकरी दोघांपासून अलिप्त असा प्रमाणित तज्ज्ञ कुठून आणायचा?

प्रमाणपत्राने अंदाज अचूक होतो का?

नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगली असती तरी एवढ्या छोट्या पट्ट्यातला ढग आधीपासून दिसला नसता. काही हौशी निरीक्षक कोणत्याही पदवीशिवाय उत्तम काम करतात, हेही खरे. त्यांना सक्तीच्या परवान्याने बाहेर काढण्यापेक्षा ऐच्छिक प्रमाणपत्राचा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

प्रमाणपत्राचा खरा उपयोग जबाबदारी ठरवण्यासाठी आहे. २०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान विभागाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरणी केली आणि पाऊस रुसला, असे त्यांचे म्हणणे होते. अंदाज चुकणे आणि फसवणूक यांत फरक आहे, पण तो तपासण्याचे काम पोलीस ठाण्याचे नाही. पद्धत योग्य होती का, अनिश्चितता स्पष्ट सांगितली होती का, हे व्यवसायातल्याच जाणकारांनी पाहायला हवे. पोलिसांत तक्रार झाली, कारण शेतकऱ्यासमोर दुसरे दारच नव्हते.

तोपर्यंत वाचकांनी काय पाहावे?

मोबाइलवर आलेल्या इशाऱ्यात तो कुणी दिला, किती वाजता दिला आणि कधीपर्यंत लागू आहे, या तीन गोष्टी आहेत का ते पाहावे. रायगडसाठीचा अधिकृत इशारा मुंबईतील प्रादेशिक हवामान केंद्र देते. ‘अतिमुसळधार’ या शब्दालाही तिथे मोजमाप आहे : २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. पुढे पाठवलेल्या संदेशात ‘ढगफुटी होणार’ एवढेच लिहिलेले असेल आणि तारीखही नसेल, तर तो गेल्या वर्षीचाही असू शकतो.