जस्ताच्या नाण्यावरील तांब्याचा मुलामा : दोष व त्यांची ओळख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सेंट हे नाणे म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग होय. १९८२ पूर्वीच्या सेंटमध्ये शेकडा ९५ भाग तांबे असे व त्याचे वजन ३.११ ग्रॅम भरे. तांब्याचा भाव चढल्यामुळे त्या वर्षी नाण्याची घडण बदलण्यात आली. नव्या नाण्यात शेकडा ९७.५ भाग जस्त व अवघे २.५ भाग तांबे असून त्याचे वजन २.५ ग्रॅम आहे. वरून ते तांबडे दिसते, ते केवळ मुलाम्यामुळे.

जस्ताच्या चकतीवर विजेच्या साहाय्याने प्रथम मुलामा चढविला जाई आणि नंतर तिच्यावर ठसा मारला जाई. हा क्रम ध्यानात ठेवला, म्हणजे बहुतेक दोषांचा उलगडा होतो. मुलाम्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. ठशाच्या दाबाने जस्त पसरते, तेव्हा हा पातळ पापुद्राही त्याच्याबरोबर ताणला जातो.

पहिला दोष फोडांचा. चकतीचा पृष्ठभाग नीट स्वच्छ झालेला नसल्यास तांबे त्याला घट्ट धरीत नाही. मध्ये अडकलेला वायू प्रसरण पावून पापुद्रा वर उचलतो. असा फोड अंकावर आला, की वेगळाच अंक असल्याचा भास होतो. लाकडी काडीने हळूच दाबल्यास पोकळ फोड बहुधा खचतो. ठशाचा तुकडा निघाल्यामुळे आलेला उंचवटा मात्र भरीव असतो.

दुसरा दोष चिरांचा. अक्षरांच्या कडेला ताण अधिक पडून पापुद्रा फाटतो व खालचे जस्त करड्या रेषेच्या रूपाने उघडे पडते. नवशिका संग्राहक या रेषेला दुहेरी ठसा समजतो व तिच्यासाठी व्यर्थ पैसे मोजतो. १९८३ व १९९५ या सालांच्या काही सेंटांवर खरा दुहेरी ठसा आढळतो. तेथे दुसरे अक्षर तांबड्याच रंगाचे व उठावाचे असते, आणि त्याच ठशाच्या इतर नाण्यांवरही ते तसेच दिसते. चिरेचा आकार मात्र प्रत्येक नाण्यावर निराळा असतो.

चिरेतून ओल आत शिरली, की तांबे व जस्त मिळून एक सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतो. त्यात जस्त अधिक क्रियाशील असल्यामुळे तेच झिजते. त्याचे पांढरे क्षार साचून पृष्ठभाग फुगतो व अखेर खड्डे पडतात. असे नाणे टांकसाळीतून बिघडून आले, असे समजण्याचे कारण नाही.

कधी अजिबात मुलामा नसलेले पांढरे नाणे दाखविले जाते. मुलाम्याचे वजन अत्यल्प असल्याने येथे तराजू खऱ्याखोट्याचा निवाडा करू शकत नाही. अम्लाने तांबे उतरविलेल्या नाण्याचा पृष्ठभाग खरबरीत व निस्तेज असतो. मुळातच मुलामा न चढलेल्या कोऱ्या नाण्यावर ठशाची झळाळी टिकून असते. परंतु वजन ३.१ ग्रॅमच्या आसपास भरले, तर ते बहुधा जुने तांब्याचे नाणे असून त्यावर मागाहून जस्त चढविलेले असते. शाळांच्या प्रयोगशाळांत असा प्रयोग करून दाखवितात.

चलनासाठी सेंट पाडणे नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबले; तथापि पूर्वीची नाणी चलनात आहेत. त्यांची परीक्षा करणाऱ्याने भिंग व तराजू तर हाताशी ठेवावाच. शिवाय त्याच सालाचे एक निर्दोष नाणेही तुलनेसाठी जवळ असू द्यावे.