बोरीचं वाळवंट : अमळनेरची बिनफाटकाची बाग

मुंबईची राणीबाग 1862 साली गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीच्या हस्ते खुली झाली. तिला फाटक आहे, तिकीट आहे, झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. अमळनेरची बाग कुणी आखली नाही आणि फीत कापून उघडलीही नाही. ती म्हणजे गावाच्या मधोमध पसरलेलं बोरी नदीचं पात्र. अलीकडे जुनं गावठाण आणि दगडी दरवाजा, पलीकडे पैलाड, आणि मध्ये वाळवंटात संत सखाराम महाराजांची समाधी.

बोरी ही तापीची उपनदी. वरच्या अंगाला पारोळा तालुक्यात तामसवाडीला तिच्यावर धरण आहे, त्यामुळे इथे पावसाळा सरला की पात्र आटत जातं. चैत्र-वैशाखात नदी जवळपास नावालाच उरते. एवढी मोठी सपाट, मोकळी, कुणाच्या मालकीची नसलेली जागा भरवस्तीत दुसरी कुठून मिळणार? महाराजांची वैशाखातली यात्रा इथे भरते ती केवळ भक्तीने भरते असं मला वाटत नाही. पंचांग आणि पाणी यांचं इथे चांगलं जमलं आहे.

खानदेशात वैशाख शुद्ध तृतीयेला आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, जुन्या सालदाराचं साल संपतं, नव्याचं ठरतं. कपाशीचे पैसे हातात आलेले असतात, पेरणी अजून लांब असते. मग आठच दिवसांनी एकादशीला रथ. आखाजीला आलेली लेक यात्रा न करता सासरी निघाली तर ‘इतकी कसली घाई वं माय?’ असं घरचेच विचारणार. आसपासच्या गावांतून माणसं येतात. वाटेत विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘यात्राले जाई ऱ्हायनूत.’

एकादशीचा रथ रात्रीचा निघतो. खानदेशातल्या अशा लाकडी रथांची गंमत जवळून पाहण्यासारखी असते. त्यांना स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. पुढे दोर ओढणारी गर्दी आणि चाकांशी मोगरीवाले. मोगरी म्हणजे लाकडाचा जाड पाचरीसारखा ठोकळा. रथ डावीकडे वळवायचा तर डाव्या चाकाखाली मोगरी द्यायची. ते चाक अडतं, उजवं फिरत राहतं, आणि अख्खा डोलारा गल्लीच्या तोंडाशी वळतो. थांबवायचा असेल तर दोन्हीकडे. क्षणभर उशीर झाला तर समोरची ओसरी गेलीच म्हणून समजा. आरत्या ओवाळणाऱ्यांचं लक्ष देवाकडे असतं, मोगरीवाल्यांचं लोखंडी धावेकडे. मला विचाराल तर खरी एकाग्रता या दुसऱ्यांची. पौर्णिमेला पालखी निघते आणि तोवर वाळवंटात पाळणे, भांड्यांची दुकानं, रसवंत्या, गोडीशेवेचे ढीग. अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात ते या वाळवंटामुळेही असेल. आषाढीसाठी महाराजांची दिंडी इथूनच पायी पंढरपूरला जाते.

गावाची ओळख सांगताना मात्र या पात्राचं नाव क्वचित निघतं. श्रीमंत प्रताप शेठांनी 1916 साली उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजींची 1924 ते 1930 मधली शिक्षकी, 1945 साली इथे वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झालेली विप्रो, 1952 आणि 2024 ची साहित्य संमेलनं असं सगळं अभिमानाने सांगितलं जातं. खरी बाग बघायची तर चोपडा रस्त्यावरच्या मंगळग्रह मंदिराकडे पाठवतात. तिथे मंगळवारी गर्दी उसळते. हिरवळ छान आहे, झाडांची निगा चांगली आहे. पण ते देवस्थानाचं आवार. तिथे माणूस जरा नीटनेटका वागतो. वाळवंटात पोरं वाटेल तशी लोळतात.

तेवढीच त्याची हेळसांड सोपी. ज्या जागेला रखवालदार नाही तिची वाळू कुणीही उचलतो, सांडपाण्याचं तोंड कुणीही तिकडे वळवतो. वाळू गेली की काटेरी झुडपं येतात आणि मग खालच्या खड्ड्यांवर पाळणा नीट उभा करता येत नाही. बागेला माळी ठेवतात, नदीपात्राला फक्त पूर येतो. यात्रेआधी जेसीबी लावून सपाटी करणं ही डागडुजी झाली. उपसा थांबवणं हे काम बाराही महिन्यांचं आहे.

यायचं असेल तर सुरत-भुसावळ लोहमार्गावर अमळनेर स्टेशन आहे. ऊन उतरल्यावर दगडी दरवाज्याच्या बाजूने पात्रात उतरा. गोडीशेव घ्या ती गुळाची, आणि रथाच्या रात्री चाकापासून दोन हात लांब उभे राहा.