चिखलणीनंतर ट्रॅक्टरच्या चाकांची निगा

भिवंडी तालुक्यात पाऊस स्थिरावला आणि राबातील रोपे लावणीस आली, की ट्रॅक्टर व पॉवर टिलर यांस विश्रांती मिळत नाही. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एका खाचरातून दुसऱ्या खाचरात चिखलणी चाललेली असते. या घाईत मालकाचे लक्ष इंजिनाकडे असते. तेलाची पातळी पाहिली जाते, हवेची गाळणी झाडली जाते, पंख्याचा पट्टा चाचपला जातो. चाके मात्र गुडघाभर चिखलातून निघून तशीच गोठ्याशेजारी उभी राहतात. लावणी आटोपते, चिखल वाळून दगडासारखा होतो, आणि त्या कवचाखाली लोखंडाचा नाश चालू आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

लोखंडास पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो, हे सर्वांस ठाऊक आहे. रंगाचा थर शाबूत असेपर्यंत हे दोन्ही शत्रू बाहेर राहतात. खाचरातील खडे, बांधावरचे दगड आणि पंक्चर काढताना लागणाऱ्या पहारीचे घाव यांनी रिमच्या कडेचा रंग प्रथम उडतो. तेथे चिकटलेला चिखल ओल धरून ठेवतो. रिम आणि टायरची कड यांमधल्या सांदीत ही ओल दिवसेंदिवस राहते आणि नेमक्या त्याच जागी, बाहेरून न दिसता, पत्रा पातळ होत जातो. पुढे एखाद्या दिवशी विटांनी भरलेली ट्रॉली ओढताना रिमची कड फाटते. नवीन रिमचा खर्च तर अंगावर पडतोच. भर रस्त्यात भरधाव कंटेनरांच्या रांगेत ट्रॅक्टर कलंडला तर प्राणाशीच गाठ असते.

तालुक्याच्या सर्व भागांत हा धोका सारखा नाही. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडील खाचरांत पाणी गोडे असते. काल्हेर, कशेळी, कोन, अंजूर, खारबाव या खाडीच्या अंगाच्या गावांत जमिनीत मिठाचा अंश असतो. खाडीची भरती शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याच्या कामासाठी १९४८ साली मुंबई प्रांतात खारजमिनींचा कायदा झाला व १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. तरीही बांध फुटला की मीठ पुन्हा वर येतेच. खारट ओल गोड्या ओलीपेक्षा लोखंडास फार जलद खाते. शिवाय मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा खारट चिखल आतून ओलाच राहतो. खतांचेही असेच आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश हे रसायनदृष्ट्या मिठाचेच भावंड होय, आणि अमोनियम सल्फेटही लोखंडास मानवत नाही. खताची पोती वाहून नेलेल्या ट्रॉलीची चाके त्याच दिवशी धुवावीत.

धुण्याचा काळ महत्त्वाचा आहे. चिखल ओला असतानाच तो सुटतो. वाळल्यावर पहारीने ठोकून काढला तर रंगही त्याबरोबर जातो. काम संपल्यावर ट्रॅक्टर थोडा वेळ निवू द्यावा, कारण तापलेल्या भागांवर एकदम थंड पाणी मारणे चांगले नव्हे. मग लाकडी पट्टीने ढेकळे पाडावीत आणि नारळाच्या काथ्याच्या किंवा ताठ केसांच्या ब्रशाने रिमची आतली व बाहेरची बाजू घासावी. आतली बाजू बहुतेकजण विसरतात, आणि चिखल तर तेथेच अधिक साचतो. तेलकट डाग असल्यास कपडे धुण्याच्या साध्या साबणाचे पाणी पुरते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात पागोळीच्या साठवलेल्या पाण्याचा द्यावा. पाण्याचा जोरदार फवारा देणारे यंत्र असेल तर त्याची नळी टायरच्या बाजूपासून हातभर दूर धरावी. जवळून मारलेला फवारा रबर कापतो व बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत घुसवतो.

ओढ्यात किंवा नदीत ट्रॅक्टर उभा करून धुण्याची प्रथा सोयीची वाटते, परंतु ती सोडली पाहिजे. चाकांवरील ग्रीस व तेल पाण्यावर पसरते, आणि त्याच पाण्यावर खालच्या अंगास गुरे पाणी पितात. घराजवळ उंचवट्यावर चार फरशा टाकून पाणी शोषखड्ड्यात सोडणे कठीण नाही.

येथे आरोग्याची एक बाब सांगणे अवश्य आहे. पावसाळ्यातील चिखलात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळलेले असू शकतात. पायास वा बोटास जखम असता अनवाणी चाके धुणाऱ्यास तो ताप जडण्याचा धोका असतो. जखम झाकावी, गमबूट घालावेत, आणि चिखलात काम केल्यावर ताप व अंगदुखी सुरू झाल्यास अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपण चिखलात काम केल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

आता एका घातक सवयीविषयी. चाके काळीभोर दिसावीत म्हणून डिझेल किंवा इंजिनातून काढलेले काळे ऑईल टायरवर चोपडले जाते. त्या दिवशी टायर नवा दिसतो हे खरे, परंतु खनिज तेल रबरात मुरून ते फुगवते व मऊ करते. लोखंडी पिंजऱ्याच्या चाकांना हंगामानंतर तेलाचा हात फिरवण्यास हरकत नाही, कारण त्यांत रबर नाही. टायरला मात्र साधे पाणी आणि सावली यांखेरीज काही लागत नाही.

वेगळा विचार मिश्रधातूच्या चाकांचा. भेंडी-काकडी कल्याणच्या बाजारात नेणाऱ्या गाड्या बहुधा पोलादी चाकांच्याच असतात. पण घरोघरी आलेल्या नव्या मोटारींना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकचकीत चाके असतात. त्यांवर एक पातळ पारदर्शक लेप असतो आणि सारे रक्षण त्या लेपावर अवलंबून असते. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात म्हणून तोच प्रयोग येथे करू नये. आम्ल त्या लेपास अपाय करते, आणि धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक तर उघड्या ॲल्युमिनियमला सरळ खातो. ब्रेकच्या घर्षणाने उडणारी करडी भुकटी चाकावर बसते. तीत लोखंडाचे कण असतात. ती मऊ फडक्याने व साबणाच्या पाण्याने आठवड्यास एकदा काढली की पुरे. एकेक चाक धुऊन लगेच खळबळावे, साबण उन्हात वाळू देऊ नये.

गंज दिसू लागलेल्या पोलादी रिमचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, हाती घ्यावे. पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घ्यावा, तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने चकाकी येईपर्यंत धातू उघडा करावा, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर उघडा ठेवलेला धातू खाडीच्या हवेत सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. प्रायमर पूर्ण वाळल्यावर इनॅमल रंगाचे दोन पातळ हात पुरतात. नट जेथे बसतात त्या जागी मात्र रंगाचा जाड थर ठेवू नये. तो थर पुढे दबतो आणि घट्ट केलेला नट ढिला पडतो. चाक परत बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर पुन्हा तपासावेत. जुन्या काळी या कामास शेंदराचा रंग वापरीत. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असून विषारी आहे. तसला जुना रंग खरवडताना तोंडास फडके बांधावे, मुलांना दूर ठेवावे.

रिमला चीर गेली असेल तर काय करावे? बहुतेक गावांत उत्तर ठरलेले असते: वेल्डिंगवाल्याकडे न्यावे. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही करू नये. उष्णतेने टायरच्या आत ज्वालाग्राही वायू तयार होतात आणि टायर बाँबसारखा फुटतो. हवा सोडली म्हणून धोका टळत नाही. अशा स्फोटांत माणसे दगावली आहेत. चिरलेली किंवा गंजून पातळ झालेली रिम भंगारात द्यावी. शेतकऱ्यास हा खर्च जड वाटतो हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने जाणावे, आणि तरीही या एका बाबतीत सवलत देऊ नये.

वजन वाढवण्यासाठी मागच्या टायरांत पाणी भरण्याचा प्रघात आहे. थंड प्रदेशांत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. भिवंडीत पाणी गोठण्याचा प्रश्नच नसल्याने साधे गोडे पाणी भरावे. कॅल्शियम क्लोराइडचे पाणी ट्यूबमधून झिरपले तर रिम आतून खाल्ली जाते. खाडीचे पाणी त्याच कारणाने वर्ज्य. चिखलणीपूर्वी हे पाणी काढून टाकले तर ट्रॅक्टर कमी रुततो.

हवेचा दाब चाक निवलेले असता मापावा. साधारणतः मागच्या टायरात शेतकामास दर चौरस इंचास १२ ते १४ पौंड हवा चालते व रस्त्यावरील ओढकामास ती वाढवावी लागते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून घ्यावा. गोदामांच्या रस्त्यांवर पेट्यांचे खिळे व लोखंडी पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात, म्हणून घरी परतल्यावर टायरच्या खाचा नजरेखालून घालाव्यात.

पूर आला तर निराळी दक्षता हवी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत ठाणे जिल्ह्यातील अनेक वाहने तासन् तास पाण्याखाली राहिली. अशा वेळी चाक बाहेरून धुतल्याने भागत नाही. पाणी बेअरिंगपर्यंत पोचलेले असते आणि ग्रीस दुधाळ झालेले असते. पुढच्या चाकांची टोपणे काढून पाहावे. ग्रीस पांढरट दिसल्यास बेअरिंग रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडे करून, नवे ग्रीस भरावे व सील बदलावे. हे काम करेपर्यंत त्या चाकांवर ट्रॉली ओढू नये.