एम.आर.आय.ला जाताना अंगातला धातू सांगा

गुडघा बदललेल्या बायका मला हमखास विचारतात, "सिस्टर, माझ्या अंगात धातू आहे. आता एम.आर.आय. करता येणार नाही ना?" बहुतेकींना करता येतो. पण धातू कुठे, कधी आणि कोणता बसवला, हे आधी सांगावे लागते.

एक्स-रे आणि सी.टी. स्कॅनमध्ये धातूमुळे धोका नसतो. सी.टी.त फार तर धातूभोवती रेघा उमटून चित्र बिघडते. सोनोग्राफीतही भीती नाही. एम.आर.आय. मात्र मोठे चुंबक आहे. नेहमीच्या यंत्राची ताकद 1.5 टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या सुमारे 30 हजार पट. ते रात्रंदिवस चालू असते. म्हणून सोबत आलेल्यानेही किल्ल्या किंवा काठी घेऊन आत जायचे नसते.

गुडघा किंवा खुबा हाडात घट्ट बसलेला असतो आणि त्याचा धातू सहसा चुंबकाला ओढला जात नाही. तेवढ्या जागेचे चित्र पुसट येते, इतकेच.

या गोष्टी मात्र न विचारताही सांगा: पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, लढाईत अंगात राहिलेला बॉम्बचा तुकडा. अनेक नव्या पेसमेकरवाल्यांची तपासणी काळजी घेऊन करता येते. जुनी क्लिप मात्र जागची हलली तर जीवावर बेतते. लेथवर किंवा वेल्डिंगचे काम केलेल्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.

आपली अडचण म्हणजे फॉर्म हिब्रूत असतो. तो नातवंडे भरतात. आजीचा गुडघा त्यांना ठाऊक असतो, पण त्यांच्या जन्माआधी मुंबईत झालेले ऑपरेशन कसे ठाऊक असणार? ती घाईने सगळीकडे "लो" लिहून मोकळी होतात. प्रत्येक प्रश्न मराठीत विचारायला लावा, मगच सही करा.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, कवळी, कानाचे यंत्र घरीच किंवा बाहेर काढून ठेवा. अंगठी निघत नसेल तर तसे सांगा. अंगावर औषधाची पट्टी असेल तर तीही दाखवा. काही पट्ट्यांत धातूचा पातळ थर असतो, त्याने कातडी भाजते.

आजच एक काम करा. आजवरची सगळी ऑपरेशने आणि त्यांची साले मराठीत लिहा, नातवाकडून हिब्रूत करून घ्या. तो कागद पेसमेकरच्या कार्डासह कुपत होलिमच्या कार्डाशेजारी पाकिटात ठेवा. साल आठवत नसेल तर अंदाजे लिहा, पण ऑपरेशन गाळू नका.