मातीआडचा बेडकाचा भाऊबंद

केनिया देशांतील टैटा टेकड्यांवर शेतकऱ्याची कुदळ ओल्या मातींत पडली, कीं ढेकळाबरोबर कधीं कधीं निळसर रंगाचा, अंगभर वळीं असलेला एक जीव वर येतो. पाहणारास तो गांडूळ वाटतो. मोठा असला तर साप. दोन्ही तर्क फसवे. त्यास जबडा व दांत आहेत, म्हणून तें गांडूळ नव्हे. सापासारखे खवले नाहींत, शेपूटहि नाहीं म्हटलें तरी चालेल. डोळे कवटीच्या हाडाखालीं झांकलेले, म्हणून वाट शोधावयाची ती तोंडावरील दोन इवल्या स्पर्शिकांनीं. हा बेडकाचा बिनपायांचा भाऊबंद होय. सह्याद्रींतहि याचे जातभाई आहेत. मराठींत त्यांस देवगांडूळ म्हणतात.

तो शोधण्यास दाट अरण्यच हवें असें नाहीं. केळीच्या बुंध्याशीं, कुजक्या पाल्याखालीं भुसभुशीत माती उकरावी; पण बेतानें, कारण कुदळीच्या एका घावानें त्याचे दोन तुकडे होतात. पिलांसह मादी सांपडल्यास तिला हलवूं नये. त्या काळांत तिची कातडी स्निग्धांशानें जाड होते आणि पिलें ती दांतांनीं सोलून खातात. तेंच त्यांचें दूध! ही नवलाची गोष्ट २००६ सालीं प्रसिद्ध झाली.

मैदानापलीकडील सगाला टेकडीवरची तपकिरी जात निराळी, हें २००५ सालीं ठरलें. जगांत ती त्या एकाच टेकडीवर आहे. तेथें लावलेल्या निलगिरीखालची माती कोरडी पडते, व कोरड्या मातींत हा जीव तगत नाहीं. म्हणून निलगिरी काढून देशी झाडें लावण्याचे प्रयत्न तेथें झाले आहेत.