कार्डावाचून आलेला रुग्ण

शिंद्यांच्या ग्वाल्हेरात मराठी माणसास परकेपणा सहसा वाटत नाही. तेथील जयारोग्य रुग्णालयाचे नावच जयाजीराव शिंदे यांचे स्मरण देते. १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय त्यास जोडलेले आहे. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी येथील गोरगरीब, दुखणे बळावले की याच दाराशी येतात.

याच शहरात १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन वसली, आणि पुढेही सिंधमधून माणसे येत राहिली. अशांना भारत सरकार दीर्घ मुदतीचा व्हिसा देते. त्यावर राहता येते, पोट भरता येते, मुलांना शाळेत घालता येते; परंतु नागरिकत्व मिळेपर्यंत वर्षे लोटतात. १९५५ च्या कायद्याप्रमाणे सामान्यतः एकूण बारा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांसाठी यातील अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. तिचे नियम मात्र ११ मार्च २०२४ रोजी निघाले. अर्ज कचेरीत थांबू शकतो. मुलाचा ताप आणि आईचे बाळंतपण थांबत नाही.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास, रुग्णालयात दाखल झाल्यावर, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार विनामूल्य मिळतात. पण तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून झालेली आहे. मध्य प्रदेशाने तीत संबल योजनेतील व स्वस्त धान्यास पात्र असलेली कुटुंबे मिळवली. जो त्या गणनेच्या वेळी या देशातच नव्हता आणि ज्याचे येथील कागद अजून पुरे झालेले नाहीत, त्याचे नाव यादीत कोठून येणार? मग, "कार्ड नाही, तर दवाखान्यात कोण विचारणार?" असे म्हणून माणूस घरीच कण्हत पडतो.

वाचकहो, हा समज खरा नाही, आणि तो जीवघेणा आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्राण संकटात असलेल्या रुग्णास प्रथम वाचवणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे. १९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. १९९६ साली न्यायालयाने त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली आणि तातडीचा उपचार हा जीविताच्या हक्काचा भाग ठरवला. त्याच वर्षी, अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणी, हा हक्क नागरिकासच नव्हे, तर या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीस आहे, असेही स्पष्ट केले.

याचा व्यवहारात अर्थ काय? तातडीच्या प्रसंगी कोणतेही जवळचे रुग्णालय गाठावे. जीव सावरल्यावर खाजगी रुग्णालय बिल मागू शकते. म्हणून पुढील उपचारासाठी सरकारी रुग्णालयात हलवण्याविषयी डॉक्टरांना लवकर विचारावे. साध्या दुखण्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी काढावी. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. जनऔषधी केंद्रात स्वस्त औषध घेण्यास कोणतेच कार्ड लागत नाही. व्हिसा, पासपोर्ट व नागरिकत्वाच्या अर्जाची पोच यांच्या प्रती एका पिशवीत तयार ठेवाव्यात. २०२५ च्या नव्या कायद्यान्वये दाखल झालेल्या परदेशीयाची माहिती रुग्णालयास नोंदणी अधिकाऱ्याकडे कळवावी लागते. ती माहिती आहे, उपचार नाकारण्याचा हुकूम नव्हे. ज्याचे कागद नीट आहेत त्याने तिला भिऊ नये.

आपल्यापैकी जे कामधंद्यासाठी परराज्यात जातात, त्यांनी हेही ध्यानात धरावे की आयुष्मान कार्ड आपल्या राज्यापुरते नसते. महाराष्ट्रात काढलेले कार्ड ग्वाल्हेरातील योजनेतल्या रुग्णालयातही चालते. ते घरच्या पेटीत कुलूपबंद ठेवून जाऊ नये.

१ ऑगस्ट १९५२ रोजी पोप बारावे पायस यांनी निर्वासितांविषयी प्रसृत केलेल्या आज्ञापत्रात, मिसर देशी पळालेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हे प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श म्हणून पुढे ठेवले. त्या परमुलखात बाळ येशू आजारी पडला असता, तर मरियेने कोणाचे दार ठोठावले असते? आणि चांगल्या शोमरोन्याने काय केले, ते आठवा. जखमी कोणत्या गावचा, हे त्याने विचारले नाही. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि अधिक खर्च लागल्यास परतताना फेडीन, असा शब्द दिला. त्या जखमीजवळ विमा नव्हता. त्याच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस होता.

हे काम प्रत्येक धर्मग्रामात होऊ शकते. वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, मासळीच्या धक्क्यावर दूरदेशीची कुटुंबे आपल्या गावी येतात. त्यांच्यातील आजाऱ्याबरोबर सरकारी दवाखान्यापर्यंत जावे, त्याची चिठ्ठी भरून द्यावी, त्याची भाषा डॉक्टरास समजावून सांगावी. यास पैसा थोडाच लागतो. अर्धा दिवस मात्र लागतो. येत्या रविवारी मिस्सानंतर घरी जाताना, आपल्या वाटेवरील कोणत्या झोपडीत कोणी अंथरुणास खिळले आहे काय, एवढे तरी विचारून पाहावे.